नीव म्हणा, नियम नव्हे: आयरिश नाव ठेवणाऱ्या नागपूरकरांसाठी

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. त्यामुळे भावाच्या मुलीचं नाव हे थोडं माझंही काम होतं. भाऊ आयर्लंडात, गॉलवेला. वहिनी तिथलीच. बाळ तिकडे जन्मलं, पण बारसं डिसेंबरात नागपूरला, महाल भागातल्या आमच्या घरी करायचं ठरलं होतं. त्याच्या कितीतरी आधीपासून व्हॉट्सॲपवर नावांच्या याद्या येत होत्या आणि मी त्या जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचायची. सिओभान. साओइर्से. नियाम्ह. आई एकदा घास हातात धरून म्हणाली, "काय वं, नियम म्हणून कोणी पोरीचं नाव ठेवते काय?"

मग वहिनीने तीच नावं आवाजात पाठवली. शिवॉन. सीर्शा. नीव.

तेव्हा पहिलं काम हे, की स्पेलिंग बघूच नका. नाव तिथल्या माणसाच्या तोंडून ऐका, वहीत देवनागरीत उतरवा आणि दोन दिवस तेवढंच घोळवा. ऐकलेलं लिहायला आपल्याकडे इतकी सोयीची लिपी असताना आधी इंग्रजी अक्षरांच्या जंगलात शिरायचं कशाला? माझ्या वहीत डाव्या पानावर देवनागरी आणि उजव्या पानावर स्पेलिंग होतं. उजवं पान मी शेवटपर्यंत दुमडून ठेवलं होतं.

ते उलगडलं तेव्हा मात्र मजा आली, कारण हे स्पेलिंग वेडंवाकडं नाहीच. आपण ते इंग्रजीच्या चष्म्यातून वाचतो, एवढंच. मी पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, म्हणून मला त्यात घरचीच माणसं दिसायला लागली. 'माझा' म्हणताना झ दातांजवळचा असतो, 'माझी' म्हटलं की तो टाळूकडे सरकतो. अक्षर एकच, पुढचा स्वर त्याला ढकलतो. दिवस, पण दिवशी. म्हैस, पण म्हशी. आयरिशमध्ये असंच चालतं. एस या अक्षराशेजारी आय किंवा ई आला की त्याचा श होतो, ए, ओ, यू असले की स राहतो. सीर्शा या नावात दोन एस आहेत. स्पेलिंग एस-ए-ओ-आय-आर-एस-ई. पहिल्याशेजारी ए, म्हणून स. दुसऱ्याशेजारी ई, म्हणून श. मधले स्वर पुष्कळदा उच्चारायला नसतातच, शेजारच्या व्यंजनाने कसं वागायचं ते सांगायला उभे असतात. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य. हे नाव म्हणून विसाव्या शतकातच रुळलं.

आता एच. आपल्याला बी-एच दिसलं की भ आणि एम-एच दिसलं की म्ह, कारण भोसले आणि म्हैसाळकर आपण तसेच लिहितो. तिथे हा एच म्हणजे 'आधीचं अक्षर मऊ करा' अशी खूण. जुन्या आयरिश लिपीत त्या जागी अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायचे. विसाव्या शतकात छपाई रोमन अक्षरांत आली आणि टिंबाच्या जागी एच बसला. म्हणून बी-एच आणि एम-एच या दोन्हींचा बहुतेक वेळा व होतो. शिवॉनमधला व बी-एचचा, नीवमधला एम-एचचा. आणि सी म्हणजे नेहमी क, कधीही स नाही. 2024 साली ऑस्कर घेणाऱ्या मर्फी या नटाला आपल्याकडे अजून 'सिलियन' म्हणणारे भेटतात. तो किलियन आहे.

सरावाला एक शब्द देते. आपल्या मालवणजवळच्या वराड गावचं मूळ असलेले लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, त्या पदाचं नाव टी-ए-ओ-आय-एस-ई-ए-सी-एच. उच्चार टीशख. शेवटचा ख घशातून खरवडल्यासारखा. हा जमला की नावं काहीच नाहीत.

यानंतरची पायरी लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. गॅलरीत उभं राहून नावाने हाक मारा. खाली रिक्षा, भाजीवाला, शेजारची मिक्सर, सगळं चालू असताना. दोन अक्षरी, शेवटी मोकळा स्वर असलेलं नाव लांबवर जातं. मग ते नाव मराठी कानाला काय ऐकू येतं ते तपासा. कीवा हे नाव अर्थाने गोड, सौम्य, सुंदर अशा छटेचं. पण आमच्याकडे पहिली प्रतिक्रिया, "कोणाची कीव?" ऐश्लिंग म्हणजे स्वप्न. अठराव्या शतकातल्या आयरिश कवितेचा एक अख्खा प्रकार याच नावाने ओळखला जातो. पण शेवटची दोन अक्षरं ऐकून आमच्या मावशीने पदर तोंडाला लावला, विषय संपला. मुलगा झाला असता तर भावाला उशीन हवं होतं, अर्थ पाडस. आई म्हणाली, "उशीर कायले?" टाइग म्हणजे कवी. टायगर कॅपिटल म्हणून मिरवणाऱ्या गावात त्याचं पुढे काय होईल हे सांगायला नकोच.

उलटंही घडतं. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये एम-एच-ए-आय-आर-आय असं लिहिलेलं नाव उच्चारतात 'वारी'. दर आषाढीला आठवण येईल असं नाव! वेल्श शान आपल्याकडे आल्या आल्या घरचं होतं. कीरा म्हणजे सावळी, काळ्या केसांची. कृष्णा नाव ठेवणाऱ्यांना त्यात वावगं वाटायला नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. आयरिश स्वरावर तिरकी रेघ असते, तिला फाडा म्हणतात. ती सजावट नाही, आपल्या दीर्घ वेलांटीसारखी आहे. दिन आणि दीन एक नव्हेत, तसंच शॉनच्या ए वरची रेघ काढली की आयरिशमध्ये 'म्हातारा' असा शब्द उरतो. पण पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यांत ती रेघ बसत नाही. रेघेविना चालेल असं नाव निवडलेलं बरं. बाळ नागपुरात जन्मलं असेल तर जन्मनोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव त्या वेळी द्यायलाच हवं असं नाही. बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं. आपल्या दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत असं दोन्हीकडे येतं. मराठीतलं नाव स्वतः सुवाच्य लिहून द्या. खिडकीतल्या माणसावर सोडलंत तर तो इंग्रजी बघून मराठी करील, आणि त्याचा काही दोष नसताना तुमची नीव नियम्ह होईल.

स्पेलिंग सोपं करून घ्यावं का? मला विचाराल तर नाही. एन-ई-व्ही-ई असं लिहायची सोय आहे, वेल्श लोकांनी तर त्याच नावाचं निया करून टाकलं. निया छानच आहे, आणि ज्यांच्या घरात आयरिश कोणीच नाही त्यांनी खुशाल तेच घ्यावं. पण आई तिथली असेल तर पोरीच्या नावातला तो मुका एच आजोळचा आहे. आपण 'ज्ञ'चं स्पेलिंग जगाला समजावत फिरतोच ना? तीही फिरेल. फक्त स्पेलिंग दिसायला ऐटबाज आहे म्हणून असलं नाव घेऊ नका. शाळेत दर जूनला नवी बाई येते आणि हजेरी पोरीलाच द्यावी लागते.

आमचं शेवटी नीवच ठरलं. अर्थ तेज, झळाळी. तिकडच्या कथेत ही सोनेरी केसांची राजकन्या उशीनला घोड्यावर बसवून चिरतरुणांच्या देशात घेऊन जाते. आईला कथेशी घेणं नव्हतं. बाळ मांडीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "नीव काय? बरं आहे. जीव निवला."

बारशाच्या आधी इतवारीच्या सराफ्यात चांदीच्या वाटीवर नाव कोरायला टाकलं. कारागिराने स्पेलिंग मागितलं. मी त्याला वहीचं डावं पान दाखवलं. संध्याकाळी पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं, मी वाकून कानात कुर्रऽऽ केलं आणि पाठीत सणसणीत धपाटे बसले. सगळ्यात जोरात मारणारी वहिनी होती. तिला ही पद्धत फारच आवडली.