नवा पक्ष काढताय? या चुका टाळा, नाहीतर हातात नारळ

कर्नाटक जनता पक्षाचं (केजेपी) निवडणूक चिन्ह होतं नारळ. मराठी माणसाला हे ऐकून हसू येणारच, कारण आपल्याकडे नारळ हातात दिला म्हणजे माणूस घरी गेला. झालंही तसंच. ९ डिसेंबर २०१२ ला कर्नाटकचे भाजपचे माजी मुख्यमंत्री येडियुरप्पांनी हावेरीत दणक्यात सभा घेतली, पक्षाचा गाजावाजा केला, आणि जानेवारी २०१४ मध्ये सगळं गुंडाळून परत भाजपात. १३ महिने फक्त. नवा प्रादेशिक पक्ष काढायचा किंवा एखाद्यात उडी मारायची असं ज्यांच्या डोक्यात चाललंय त्यांनी हे प्रकरण जरा नीट बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे राग हाच जाहीरनामा. लोकायुक्तांचा बेकायदा खाणींवरचा अहवाल आला, त्यात येडियुरप्पांचं नाव, जुलै २०११ मध्ये मुख्यमंत्रीपद गेलं, ते काही परत मिळेना, म्हणून पक्ष सोडला. मग नवा पक्ष कशासाठी, तर जुन्या घराला दाखवून द्यायला! आणि दाखवलंच की, मे २०१३ मध्ये भाजप ११० वरून ४० वर आला. पण यांच्या पदरात काय पडलं? २२४ पैकी ६ जागा. केजेपीमुळेच भाजप बुडाला असं सगळे छातीठोक सांगतात पण मला ते अर्धंच पटतं, कारण भाजपची साधारण २० टक्के आणि केजेपीची जवळपास १० टक्के एकत्र केली तरी काँग्रेस ३६ च्या वर होती, म्हणजे सरकारवर लोक तसेही चिडलेलेच होते.

बरं, १० टक्के मतं म्हणजे काही कमी नाहीत हो. विधानसभेला ६ टक्के मतं आणि २ आमदार आले की राज्य पक्षाच्या मान्यतेच्या निकषात बसता येतं, यांच्याकडे दोन्ही होतं. पक्ष चालवता आला असता. पण हिशोब चुकता झाला होता आणि पुढे काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं, त्यात २०१४ ची लोकसभा आली, भाजप आणि येडियुरप्पा दोघांनाही एकमेकांची गरज पडली, विषय संपला.

दुसरं म्हणजे नेत्याची मतं तीच पक्षाची मतं असं धरून चालणं. येडियुरप्पा स्वतः शिकारीपुऱ्यातून निवडून आले, पण सी. एम. उदासींसारखा मुरलेला माणूस हानगलमध्ये पडला, शोभा करंदलाजे राजाजीनगरमध्ये पडल्या. बूथवर काय होत असेल विचार करा. एखादी आजी, इतकी वर्षं कमळावर बोट गेलेलं, तिला पाचेक महिन्यांत समजवायचं की आज्जी, साहेब तेच पण बटण वेगळं. ती मान डोलावते, आत जाते, आणि बोट आपसूक जुन्या जागी. यावर एकच उपाय, प्रत्येक बूथला यादी घेऊन दारोदार फिरणारी चार माणसं हवीत, सभेच्या गर्दीने हे काम होत नाही.

कागदपत्रांची चूक तर लोक हमखास करतात. केजेपी आधीच दुसऱ्या माणसाने रजिस्टर केलेला पक्ष होता, येडियुरप्पा नंतर आत आले, आणि मूळ संस्थापकाशी खटके उडाले. घाई असली तरी रेडिमेड पक्ष घेऊ नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमाखाली स्वतः नोंदणी करा, स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज जायला हवा, पक्षाची घटना आधी लिहून ठेवा.

भूमिका फिरवण्याबद्दल आंध्रातल्या प्रजाराज्यमकडे बघा. तेलुगू सिनेमाचे सुपरस्टार चिरंजीवींनी २००८ मध्ये तिरुपतीत हा पक्ष काढला, २००९ ला २९४ पैकी १८ जागा आल्या, स्वतः तिरुपतीत जिंकले पण आपल्याच जिल्ह्यात पालकोल्लूला हरले. निवडणुकीत सामाजिक तेलंगणाची, म्हणजे वेगळ्या तेलंगणाला पाठिंब्याची भाषा होती, त्याच डिसेंबरमध्ये आंदोलन पेटल्यावर अखंड आंध्र, म्हणजे राज्य तोडायचंच नाही! आता तेलंगणातल्या कार्यकर्त्याने गावात तोंड कसं दाखवायचं? २०११ मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये विलीन, पुढच्या वर्षी चिरंजीवी केंद्रात मंत्री.

आणि तुम्ही साधे कार्यकर्ते म्हणून जाणार असाल तर विलीनीकरणात तुमचं काय होणार हे आधीच विचारून घ्या. दोन तृतीयांश आमदार तयार असले की राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, आमदारकी वाचते. तालुकाध्यक्षासाठी असं कुठलंच कलम नाही. त्याला परत त्याच जुन्या ऑफिसात जावं लागतं, आणि तिथे खुर्चीत नेमका तोच बसलेला असतो ज्याला याने वर्षभर चौकाचौकात शिव्या घातलेल्या असतात.