तीन लाखांचा मिक्स्ड रिॲलिटी हेडसेट घ्यायचा का? पैसे काढायच्या आधी एवढं करून बघा

हा प्रश्न आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर सारखा येतो, विशेषतः कोणाचा दादा-वहिनी अमेरिकेहून किंवा दुबईहून येणार असतील तेव्हा, कारण मग "येताना घेऊन ये" म्हटलं की झालं असं वाटतं. मी घणसोलीला ॲप डिझाइनच्या टीममध्ये आहे, टेस्टिंगसाठी हे हेडसेट आमच्याकडे असतात, त्यामुळे लोक मला विचारतात आणि मी प्रत्येकाला तेच तेच टाइप करत बसतो, म्हणून आज एकदाच सगळं लिहून काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत घराचा ईएमआय भरत नोकरी करणाऱ्या बहुतेकांनी ॲपल व्हिजन प्रोसारखा महागडा हेडसेट आत्ता घेऊ नये. पण वस्तू खरंच जबरदस्त आहे आणि थोड्या लोकांना ती खरंच कामाची आहे, तुम्ही त्या थोड्यांत बसता का ते शोधायचं कसं हा खरा मुद्दा.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हेडसेट घातला की तुम्हाला तुमचाच हॉल दिसतो, सोफा, टीपॉय, मधून जाणारी आई, आणि त्यातच हवेत स्क्रीन, खिडक्या, गेम तरंगतात. पण तो हॉल काचेतून दिसत नसतो हां, बाहेरचे कॅमेरे तो शूट करतात आणि डोळ्यांसमोरच्या दोन छोट्या स्क्रीनवर ताबडतोब दाखवतात. व्हिजन प्रोमध्ये या कामासाठी आर१ नावाची वेगळी चिप आहे आणि ती १२ मिलिसेकंदांत चित्र पोचवते, म्हणून चक्कर कमी येते. तरी कॅमेरा तो कॅमेराच, खोलीत नुसता झीरोचा बल्ब असेल तर चित्रात दाणे दिसायला लागतात आणि मान पटकन वळवली की थोडं पुसट होतं. दुसरं म्हणजे जवळची वस्तू बघताना आपले डोळे आत वळतात आणि फोकसही जवळ येतो, इथे डोळे वळतात पण फोकस लेन्सने ठरवलेल्या एकाच अंतरावर अडकलेला असतो, त्यामुळे काहींचे डोळे तासाभरात जड होतात आणि काहींना काहीच होत नाही. तुम्ही कुठल्या गटातले हे कुठल्याही रिव्ह्यूमधून कळणार नाही.

म्हणून पहिलं काम काय, तर कागद घ्या आणि गेल्या आठवड्यात स्क्रीनसमोर काय काय केलं ते लिहा. मॅच, सिरीज, ऑफिसचं काम, गेम, मुलांचे फोटो, जे असेल ते. मग प्रत्येकासमोर विचारा की यातलं नक्की काय मी फोन किंवा टीव्ही सोडून हेडसेटमध्ये करेन, आणि दर आठवड्याला करेन का. "काहीतरी नवीन करेन" हे उत्तर धरायचं नाही, नवीन काहीतरी दहा दिवस टिकतं आणि मग हेडसेट कपाटात जातो, हे मी आजूबाजूला बघत आलोय.

मॅचचं बघा. टी-ट्वेंटी मॅच साडेतीन तास चालते. पहिल्या व्हिजन प्रोची बॅटरी साधारण वापरात दोन तास, व्हिडिओ बघताना अडीच, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५ चिपवाला आला त्यात अडीच आणि तीन तास. बॅटरी वेगळी असते, वायरने जोडलेली, खिशात ठेवायची, ती चार्जरला लावून वापरता येते म्हणजे प्रश्न सुटतो, पण मग तुम्ही प्लगच्या शेजारी बांधलेले. आणि आपल्याकडे मॅच काय एकटा बघतो का माणूस? बाबा, शेजारचे काका, चहा, आरडाओरडा, हे सगळं असतं. तीन लाख घरातल्या एकाच माणसाच्या डोळ्यांसाठी जातात हे घरच्यांशी बोलूनच ठरवा, मी हे अगदी मनापासून सांगतोय.

ऑफिसच्या कामाचं स्वप्न सगळ्यात जास्त विकलं जातं, हवेत भलीमोठी स्क्रीन आणि तुम्ही उपवन तलावाकाठी बसल्यासारखे कोड लिहिताय. व्हिजन प्रोमध्ये मॅकची स्क्रीन मोठी करून बघता येते आणि ते फीचर खरंच छान आहे, पण मॅक पाहिजे. ऐरोली, महापे, रबाळेच्या कंपन्यांमध्ये बहुतेकांना विंडोजचा लॅपटॉप मिळतो, त्यावर स्वतःहून साधं ॲप टाकायची परवानगी नसते, आणि ओडीसीमध्ये, म्हणजे परदेशी क्लायंटच्या कामासाठीच्या बंदिस्त विभागात, जिथे कॅमेरावाला फोनसुद्धा बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो तिथे डझनभर कॅमेरे आणि सेन्सर असलेला हेडसेट कोण आत सोडणार? आधी तुमच्या आयटीवाल्यांना मेल टाका आणि उत्तर लेखी घ्या. शिवाय अक्षरं. नॉर्मल नजरेला एका अंशात साधारण ६० पिक्सेल लागतात तेव्हा अक्षर कागदावरच्यासारखं कोरीव दिसतं. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ या स्वस्त हेडसेटमध्ये कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे २५ मिळतात, व्हिजन प्रो त्याच्या पुढे आहे, दोन्ही स्क्रीन मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल, तरी ६० पर्यंत तोही पोचत नाही. म्हणजे दिवसभर एक्सेल आणि कोड वाचायला टेबलावरचा चांगला फोरके मॉनिटर आजही जास्त स्पष्ट आहे आणि किमतीत तर तुलनाच नाही.

मुलांचे व्हिडिओ मात्र वेगळी गोष्ट. आपल्या माणसाला थ्रीडीत, उंची-खोलीसकट बघणं हा या हेडसेटचा मला सगळ्यात आवडलेला भाग आहे, माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. पण त्यासाठी आज हेडसेट लागत नाही! आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या बऱ्याच मॉडेलमध्ये असा थ्रीडी, म्हणजे स्पेशियल व्हिडिओ शूट करता येतो. आजी-आजोबांचे, लहान पोरांचे छोटे छोटे व्हिडिओ आजपासून काढून ठेवा, हेडसेट पाच वर्षांनी स्वस्त झाला की तेव्हा बघता येतील, पण आजी तेव्हा असेल का नाही सांगता येत नाही. या सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

आता घालून बघायचं. व्हिजन प्रो हे लिहितोय तोपर्यंत भारतात अधिकृत विकत नाहीत, त्यामुळे बीकेसीच्या ॲपल स्टोअरला जाऊन काम होणार नाही. दुबई किंवा सिंगापूरला कोणी जात असेल तर तिथल्या स्टोअरमध्ये आधी वेळ बुक करून डेमो फुकट मिळतो. मेटा क्वेस्टसाठी मुंबई-ठाण्यात गॅजेट भाड्याने देणारे आहेत, एखादा वीकेंड घ्या. मॉलच्या गेमिंग झोनमध्ये पाच मिनिटं रोलर कोस्टर करून आलात तर ती टेस्ट धरू नका, आणि स्टोअरच्या डेमोबद्दलही हेच, तिथे डायनासोर अंगावर येतो, दोरीवरून चालणारी बाई दिसते, तोंडाचा आ होतो, पण तुमच्या आयुष्यातला एक मिनिटही त्यात नसतो. त्यामुळे कागदावर जे काम लिहिलंय तेच करायचं, शक्य असेल तर सलग पाऊण तास, मध्ये न काढता. काढल्यावर लगेच बघा, गालावर वळ किती, मान कशी आहे, डोकं दुखतंय का, आणि रात्रीपर्यंत लक्ष ठेवा कारण मळमळ कधी कधी नंतर जाणवते.

वजनाबद्दल लोक म्हणतात बाइकचं हेल्मेट तर किलोच्या वर असतं, मग ७०० ग्रॅमचं काय एवढं. हेल्मेटचं वजन डोक्यावर चहूबाजूंनी बसतं, हेडसेटचं सगळं पुढे तोंडावर लटकतं. पहिला व्हिजन प्रो ६०० ते ६५० ग्रॅम होता, एम५वाला नव्या ड्युअल निट बँडसकट ७५० ते ८०० आहे, वजन जास्त पण नवा बँड मागून आणि वरून तोलतो म्हणून उलट बरा बसतो. क्वेस्ट ३ म्हणजे ५१५ ग्रॅम, बॅटरी त्यातच. सॅमसंगचा गॅलॅक्सी एक्सआर ५४५, बॅटरी वेगळी.

चष्मा असेल तर व्हिजन प्रो चष्म्यावर घालता येत नाही, झाइसच्या नंबरच्या लेन्स वेगळ्या घ्याव्या लागतात, अमेरिकेत १४९ डॉलर. क्वेस्टमध्ये चष्मा आत मावतो पण फ्रेम रुंद असेल तर लेन्सला घासते आणि दोन्हीवर ओरखडे पडतात. हार्ड कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी जपून, व्हिजन प्रोमध्ये नुसतं बघून गोष्टी निवडायची जी सिस्टिम आहे ती त्यावर गडबडू शकते. मायग्रेन, फिट्स, चक्कर यांचा त्रास असेल, प्रेग्नन्सी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. मुलांसाठी व्हिजन प्रो १३ वर्षांखाली नाही, मेटाची मर्यादा १० वर्षं.

घर मोजा. क्वेस्टवर चालत-फिरत खेळायचे गेम असतील तर साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते, आणि कोपरखैरणे किंवा कळव्याच्या वन बीएचकेमध्ये दिवाण, टीव्ही युनिट, डायनिंग टेबल सोडून तेवढी मिळते का ते टेप घेऊन बघा. वर पंखाही बघा, बॅडमिंटन किंवा बॉक्सिंगच्या गेममध्ये हात जोरात वर जातो आणि आपल्याकडे स्लॅब काही फार उंच नसतो. मे महिन्यात एसी नसेल तर वीस मिनिटांत फोम घामाने भिजतो आणि लेन्सवर वाफ धरते, फोमवर घालायचं सिलिकॉन कव्हर घ्या, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खिडकीत किंवा बाल्कनीजवळ लेन्स वर करून कधीच ठेवू नका, ऊन लेन्समधून आत एका बिंदूवर गोळा होतं आणि काही क्षणांत स्क्रीन जाळतं, तो डाग कायमचा.

पैशांचं गणित डॉलरवर थांबत नाही. व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरपासून सुरू, म्हणजे सरळ तीन लाखांच्या वर. त्यावर अमेरिकेतल्या राज्याचा टॅक्स, नंबरच्या लेन्स, आणि विमानतळावर ड्युटी-फ्री मर्यादेच्या वरच्या रकमेवर कस्टम्स, मग कुठेही उतरा. दादाला सांगा बिल जवळ ठेव आणि सरळ जाहीर कर, लपवून आणायला लावून त्याला अडचणीत टाकू नका. हे सगळं धरलं की आकडा तीन लाखांच्या बराच वर जातो. आणि बिघडला तर? अमेरिकेत ॲपलकेअर (ॲपलचा दुरुस्तीचा विमा) नसताना पुढची काच बदलायला ७९९ डॉलर आणि बाकीच्या मोठ्या नुकसानीला २,३९९ डॉलर असे लाँचच्या वेळचे दर होते. इथे तो विकतच नाहीत, म्हणजे टीपॉयवरून पडला की बॉक्स घेऊन परत कोणीतरी परदेशी जायची वाट बघायची.

आणखी एक भीती मला जास्त वाटते, ती म्हणजे वस्तू चांगली असून सॉफ्टवेअर मरण्याची. मेटा क्वेस्ट प्रो ऑक्टोबर २०२२ मध्ये १,५०० डॉलरला आला, मार्च २०२३ मध्ये १,००० वर उतरला आणि आता बंद आहे. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ होता ३,५०० डॉलरचा, २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. आणि विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचे हेडसेट ज्यांनी घेतले त्यांचं तर फार वाईट झालं, विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो सगळा भागच काढून टाकला, हेडसेट ठणठणीत आणि कॉम्प्युटर ओळखायला तयार नाही. फोन जुना झाला तरी कॉल लागतो, हेडसेटचं तसं नाही.

मग घ्यावा कोणी? जे यासाठी ॲप बनवतात त्यांनी. खारघर-उलवेला फ्लॅट विकणारे किंवा इंटिरिअर करणारे, ज्यांना गिऱ्हाईकाला न बांधलेला किचन खऱ्या मापात उभा करून दाखवायचाय, कारण एक ऑर्डर जरी त्यामुळे मिळाली तर खर्च निघतो. महिन्यातून दोनदा-तीनदा लांबच्या विमानात बसणारा आणि ज्याच्याकडे मॅक आहे असा माणूस. आणि ज्याला पैशांचा खरंच प्रश्न नाही आणि जो पाऊण तासाची टेस्ट हसत पास झालाय त्यानेही, आवड म्हणून घेण्यात काही चूक नाही.

बाकी सगळ्यांना मी क्वेस्ट ३एस किंवा क्वेस्ट ३ ने सुरुवात करायला सांगतो. लाँचला ३एस २९९ डॉलर आणि ३ होता ४९९ डॉलर. चिप दोन्हीत सारखी, ३ मध्ये लेन्स बऱ्याच चांगल्या आणि डोळ्यांतलं अंतर चाक फिरवून बरोबर जुळवता येतं, ३एस मध्ये तीनच ठरलेल्या जागा. वाचायचं, सिनेमे बघायचे तर ३, पोरांचे गेम आणि व्यायाम असेल तर ३एस पुरतो. फक्त सिनेमाच बघायचाय तर फोनला वायरने लावायचे डिस्प्लेवाले चष्मे मिळतात तेही एकदा बघा, हलके असतात.

सेकंडहँड घेणार असाल तर स्टेशनच्या ब्रिजवर उभ्याउभ्या व्यवहार करू नका, वाय-फाय आणि प्लग असलेल्या ठिकाणी भेटा, विकणाऱ्याच्या घरी असेल तर उत्तम. चालू करून पूर्ण पांढरी स्क्रीन आणा आणि एकेक डोळा मिटून बघा, पिवळट किंवा गुलाबी ठिपका दिसला तर तो उन्हाचा जळका डाग, सरळ उठून या. मग कंट्रोलरची काडी (जॉयस्टिक) सोडल्यावर चित्र आपोआप सरकतं का बघा, लेन्सवर चष्म्याचे ओरखडे आहेत का टॉर्च मारून बघा, आणि त्याच्या अकाउंटमधून हेडसेट काढून फॅक्टरी रीसेट तुमच्यासमोर करायला लावा, तुमच्या फोनवरून तुमचं अकाउंट जोडून एक ॲप उघडेपर्यंत जीपे करू नका.