आंबोलीत उतरताच लेन्सवर धुकं धरतं? आजऱ्यातच एसी बंद करा

कोल्हापूरहून पावसाळ्यात आंबोलीला बेडूक बघायला निघालो की एसीत गार झालेल्या कॅमेऱ्यावर तिथल्या दमट हवेत धुकं धरतं. समोर पानावर मलबार ग्लायडिंग फ्रॉग, हिरवागार, पायांचे पडदे केशरी, आणि लेन्समधून नुसतं पांढरं! फार जीव हळहळतो.

१. आजरा आलं की एसी बंद, काचा थोड्या खाली.
२. कॅमेऱ्याच्या, दुर्बिणीच्या बॅगेची चेन उघडी ठेवा. बंद बॅगेत गारवा तसाच राहतो, नेमकं हेच विसरतं.
३. पावसामुळं काच उघडता येत नसेल, तर गाडीतच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून उतरा. बाष्प पिशवीवर धरेल. १५-२० मिनिटांनी बाहेर काढा.

धुकं धरलंच तर तिथं लेन्स मात्र बदलू नका, दमट हवा थेट सेन्सरपर्यंत जाते.