जुन्या औषधातून नवीन उपचार शोधायचाय? मग सुरुवात अशी करा

बरेच जण इथेच गंडतात, हजारभर जुनी औषधं घेतात आणि परजीवीवर टाकून बघतात काय मरतंय ते. उलटं करा. आधी आजार धरा आणि पेशंटची अडचण एका ओळीत लिहा. काला आजारात (वाळूमाशीतून पसरणारा परजीवीचा आजार) अडचण होती की तोंडाने घ्यायचं औषध नाही, सगळी इंजेक्शनं, मग मुळात कॅन्सरसाठी असलेलं मिल्टेफोसिन कॅप्सूल म्हणून २००२ मध्ये भारतात मंजूर झालं.

औषध शोधताना जनावरांच्या डॉक्टरचं कपाट आधी उघडा, खरंच. आयव्हरमेक्टिन तिथलंच, मॉक्सिडेक्टिन पण, आणि दोन्ही आता रिव्हर ब्लाइंडनेसवर, म्हणजे जंतामुळे आंधळं करणाऱ्या आजारावर, चालतात. त्याच जंतावर डॉक्सिसायक्लिन पण चालतं, साधं अँटिबायोटिक, ते जंताला हातच लावत नाही, त्याच्या आत राहणाऱ्या वोल्बाकिया बॅक्टेरियाला मारतं आणि मग मादी वांझ होते. फक्त ४ ते ६ आठवडे रोज गोळी घ्यावी लागते, त्यामुळे गावभर वाटायला अवघड.

आता खरं काम, आकडेमोड. समजा लॅबच्या प्लेटमध्ये परजीवी मारायला १० मायक्रोमोलर (औषध किती दाट आहे त्याचं माप) लागलं आणि माणसाला झेपेल त्या डोसला रक्तात जेमतेम १ मिळतं, त्यातलंही बरंचसं रक्तातल्या प्रोटीनला चिकटलेलं, म्हणजे कामाला न येणारं, तर ते औषध तिथेच सोडा, कितीही जीव जडला असला तरी. आकडा जुळला तरी परजीवी लपतो कुठे ते बघा, चागास या लॅटिन अमेरिकेतल्या आजाराचा परजीवी हृदयाच्या स्नायूत बसतो, तिथे औषध पोचतं का?

ट्रायल लवकर आटपू नका. पोसाकोनाझोल हे बुरशीचं औषध चागासवर उंदरात मस्त चाललं, माणसांत गोळ्या चालू असताना पीसीआर (रक्तात परजीवी शोधायची टेस्ट) पण निगेटिव्ह आली, आणि कोर्स संपल्यावर बहुतेकांचा परजीवी परत आला. म्हणजे फॉलोअप महिनोन्महिने हवा.

जुनं औषध म्हणजे सेफच, हे पण डोक्यातून काढा. मिल्टेफोसिनने गर्भाला धोका असतो आणि ते अंगात बरेच दिवस राहतं, म्हणून बायकांना कोर्स संपल्यावरही काही महिने गर्भनिरोधक सांगावं लागतं. आयव्हरमेक्टिन इतकं वापरलेलं, पण रक्तात लोआ लोआ या दुसऱ्याच जातीचे जंत खूप असतील तर मेंदूवर येऊ शकतं.

आणि बनवणार कोण ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. एफ्लोर्निथिन स्लीपिंग सिकनेसवर (आफ्रिकेतला परजीवीचा आजार) भारी चालायचं तरी नफा नाही म्हणून ९० च्या दशकात उत्पादन बंद पडलं, आणि त्याच सुमाराला तेच औषध चेहऱ्यावरचे केस कमी करायच्या क्रीममध्ये घालायची तयारी चालू होती.