जुन्या आणि नव्या लॅपटॉपच्या बॅटरीची तुलना कशी करावी

जुना लॅपटॉप तीन तास चालतो आणि नवा आठ तास, एवढ्यावरून नवे यंत्र वीज कमी खाते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते, कारण जुन्याची बॅटरी वापराने झिजलेली असते. म्हणून प्रथम दोन्हींची क्षमता पाहावी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून) ‘powercfg /batteryreport’ या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता मिलीवॉट-तासांत दिलेली असते; हजार मिलीवॉट-तास म्हणजे एक वॉट-तास.

मग दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून पडद्यांचा उजेड डोळ्यांनी जुळवावा. टक्केवारीवर विसंबू नये, कारण एकाचे ५० टक्के दुसऱ्याच्या ५० टक्क्यांइतके उजळ असतीलच असे नाही. बॅटरी सेव्हर बंद करून, एकाच वाय-फायवर, एकाच ब्राउझरमध्ये तोच व्हिडिओ १०० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत चालवावा आणि वेळ नोंदवावी. नव्या यंत्राची चाचणी मात्र पहिल्याच दिवशी घेऊ नये. तेव्हा अपडेट आणि फायलींचे इंडेक्सिंग (शोधासाठी सूची बनवणे) पडद्यामागे चालू असते.

आता गणित. जुन्याची मूळ क्षमता ५० वॉट-तास, सध्याची ३० आणि ८० टक्के चार्ज तीन तासांत संपला असे धरले, तर २४ भागिले ३, म्हणजे सरासरी ८ वॉट खर्च झाला. नव्याचे ६० वॉट-तासांपैकी ४८ आठ तास पुरले, तर खर्च ६ वॉट. म्हणजेच जुन्यात त्याच्या मूळ ५० वॉट-तास क्षमतेची नवी बॅटरी बसवली, तर ती पूर्ण चार्जवर सहा तासांहून थोडी अधिक चालेल, आणि कित्येकांना तेवढेही पुरते.