फिकट निळा कागद

इंग्लंडमधल्या आमच्या रेस्टॉरंटला दारूविक्री आणि रात्री ११ नंतरच्या डीजेसाठी परवाना हवा होता. अर्ज कौन्सिलला दिला, दारावर त्या अर्जाची जाहीर नोटीसही चिकटवली. दहाव्या दिवशी अधिकारी आले, काचेकडे पाहिलं आणि म्हणाले, "कागद पांढरा आहे." मला वाटलं, गंमत करताहेत. पण नियमच तसा आहे: ए४ किंवा मोठा फिकट निळा कागद, काळी छपाई, अक्षर किमान १६ पॉइंटचं, सलग २८ दिवस. माझं अक्षर १२चं! झालं, मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

त्याच संध्याकाळी नोटीस बदलली. या वेळी काचेच्या आतून, बाहेर वाचता येईल अशी. तिथल्या पावसाचा काय भरवसा. रोज एक फोटोही काढून ठेवला.

खरी पंचाईत मधल्या शनिवारच्या पार्टीची. त्यासाठी टेम्पररी इव्हेंट नोटीस, म्हणजे तेवढ्या एका कार्यक्रमापुरती कौन्सिलला द्यायची सूचना, दिली. फी २१ पौंड, माणसं एका वेळी जास्तीत जास्त ४९९, स्टाफ धरून. मुदत मात्र किमान १० कामाचे दिवस आधी, आणि त्यात नोटीस पोचल्याचा व कार्यक्रमाचा दिवस धरत नाहीत. मी बोटांवर मोजलं, बायकोने कॅलेंडरवर. तिचं बरोबर निघालं. एका दिवसाने वाचलो.