अमेरिकेत राहताय आणि मूल कॉलेजला निघालंय? फॅफ्सा असा भरा

मुलं सीनियर इयरला आली की घरात दुसरा विषयच नसतो, कॉलेज आणि त्याची फी. आणि दरवर्षी ओळखीतलं कोणी ना कोणी म्हणतंच, आमचं दोघांचं उत्पन्न बरं आहे, आम्हाला कुठे काय मिळणार, कशाला भरायचा फॅफ्सा, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदत मागायचा फॉर्म. प्लीज असं आधीच ठरवून बसू नका. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे, २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, ते कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असतात हे खरं आहे. पण मुलाच्या स्वतःच्या नावावर मिळणारं फेडरल लोन, पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत, त्यातल्या अनसबसिडाइज्ड लोनला (ज्याचं शिकतानाचं व्याज सरकार भरत नाही) उत्पन्नाची अट नाही, को-साइनर म्हणजे जामीन पण लागत नाही, आणि तरी फॅफ्सा भरल्याशिवाय ते मिळतच नाही. बरीच कॉलेजं स्वतःची मदत देताना पण हाच फॉर्म बघतात.

कोणाला भरता येतो हे आधी नीट समजून घ्या, कारण आपल्या लोकांत इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. मुलाचं स्टेटस बघतात, आईबाबांचं नाही. तुम्ही दोघं अजून एच-१बी वर असाल, ग्रीन कार्डच्या लाइनमध्ये वर्षानुवर्षं उभे असाल, पण मूल इथे जन्मलं असेल तर ते सिटिझन आहे आणि त्याला भरता येतो. मुलाचं ग्रीन कार्ड असेल तरी चालतं. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या मुलांना मात्र फेडरल मदत मिळत नाही, मग ती पहिलीपासून इथेच शिकलेली असली तरी. मला याचं फार वाईट वाटतं, पण नियम तसा आहे, अशांनी आपल्या राज्याच्या आणि कॉलेजच्या मदतीची वेगळी चौकशी करा.

आता सुरुवात. साइट एकच, स्टुडंटएड डॉट जीओव्ही. फॉर्म फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर ती साइट बंद करा. मुलाचं एक आणि आई किंवा बाबांचं एक अशी वेगवेगळी अकाउंटं काढायची, प्रत्येकाला स्वतःचा इमेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर, एकच इमेल दोघांना चालत नाही. आणि नाव टाकताना सोशल सिक्युरिटी कार्ड समोर ठेवा, अगदी हातात घेऊन स्पेलिंग बघा. माझं इथेच अडलं होतं. कार्ड काढलं तेव्हा पासपोर्टवर माहेरचं आडनाव होतं, नंतर लायसन्स, बँक सगळीकडे सासरचं झालं आणि मी सवयीने सासरचंच टाइप केलं. माहिती जुळत नाही असा मेसेज, परत टाकलं, परत तेच, रविवारची दुपार गेली त्यात. शेवटी लेकीनेच फाइलमधून जुनं कार्ड काढून समोर धरलं तेव्हा उलगडा झाला. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकांनाही अकाउंट काढता येतं, थोडा वेळ जास्त लागतो म्हणून आधीच सुरू करा.

मग मुलाने आपल्या अकाउंटमधून फॉर्म उघडायचा, आपला भाग भरायचा आणि पालकाला इमेलने इन्व्हाइट पाठवायचा. दोघांनी टॅक्स एकत्र भरला असेल तर एकाच पालकाने भाग घेतला की पुरतं, वेगवेगळा भरला असेल तर दोघांनाही यावं लागतं. टॅक्सचे आकडे आयआरएस, म्हणजे टॅक्स खात्याकडून थेट येतात, २०२६-२७ च्या फॉर्मसाठी २०२४ चा टॅक्स, पण त्यासाठी प्रत्येकाने संमती द्यावीच लागते. एकानेही नाही म्हटलं तर फेडरल मदत बंद.

मालमत्तेचा प्रश्न घाईत उडवू नका. राहतं घर आणि ४०१के, आयआरए ही रिटायरमेंटची खाती धरत नाहीत. बँकेतले पैसे, शेअर्स, ५२९ प्लॅन (शिक्षणासाठीची बचत) धरतात. आणि पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट, भारतातल्या एफडी हे पण लिहायचं असतं, आजची किंमत वजा त्यावरचं कर्ज, डॉलरमध्ये. गावची जमीन आजोबांच्याच नावावर असेल तर ती तुमची नाही, पण सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं असेल तर तुमचा हिस्सा लिहा. मुलाच्या स्वतःच्या सेव्हिंग्जचे २० टक्के फीसाठी धरतात, आईबाबांच्या पैशांचे साडेपाच टक्क्यांच्या आसपासच, म्हणून आजीने नातीला दिलेले पैसे कोणाच्या खात्यात आहेत यानेही फरक पडतो.

कॉलेजं वीसपर्यंत टाकता येतात, अजून अॅडमिशन झालेली नसली तरी टाका. शेवटी सगळ्यांनी सही केली का ते बघा, मुलाचा भाग पूर्ण आणि आईची सही राहिली असं खूप होतं, आणि तो फॉर्म पोचलेला नसतो.

फॉर्म साधारण १ ऑक्टोबरपर्यंत उघडतो. फेडरल मुदत लांब असते, २०२६-२७ साठी ३० जून २०२७, पण तिच्या भरवशावर राहू नका, राज्यांच्या आणि कॉलेजांच्या तारखा खूप आधी संपतात, कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट या राज्याच्या मदतीसाठी २ मार्च. काही प्रायव्हेट कॉलेजांना सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म पण लागतो, त्यात राहत्या घराची किंमतही विचारतात.

फॅफ्सा भरल्यावर एसएआय (स्टुडंट एड इंडेक्स) नावाचा आकडा येतो, तो पाहून घाबरू नका, तो म्हणजे तुमचं बिल नाही, त्यावरून कॉलेज मदत ठरवतं. आणि २०२४ ला नोकरी होती पण आता ले-ऑफ झालाय, तर फॉर्ममधले आकडे बदलायला जाऊ नका, फॉर्म आहे तसा भरून कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला फोन करा, ले-ऑफचं पत्र आणि शेवटची पे-स्टब पाठवा, त्यांना परिस्थिती बघून फेरविचार करायचा अधिकार असतो. हे सगळं पुढच्या वर्षी परत करायचं आहे, त्यामुळे अकाउंटचे पासवर्ड आणि बॅकअप कोड आजच लिहून जपून ठेवा.